सामान पुढे, माणूस मागे

वाशिमहून रात्री पुण्याकडे सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सची डिक्की भरली जात असताना थोडा वेळ उभे राहून पाहावे. सोयाबीनच्या रिकाम्या कट्ट्यात कोंबलेले कुरड्या-पापडांचे डबे, दाभणात सुतळी ओवून शिवलेली कट्ट्यांची तोंडे, वर जाड मार्करने लिहिलेले नाव, गाव आणि मोबाइल नंबर. बहुतेक कट्टे शिकायला गेलेल्या मुलांकडे चाललेले असतात. एखादा मात्र कोणाच्याच घरी जात नाही. तो जातो महाबळेश्वरच्या नाहीतर कोकणातल्या एखाद्या हॉटेलात, आणि त्याचे मालक दोन दिवसांनी मागून पोचतात. सोबत म्हातारी आई, कडेवर लेकरू, वाटेत दोनदा गाडी बदलायची, मग जड सामान आधीच पुढे गेलेले बरे. डिक्की भरणाऱ्या पोराला विचारा, हे काय? तो म्हणेल, पार्सल.

पार्सल हा शब्द आपण पुरता पचवला आहे. लॅटिनमध्ये ‘पार्स’ म्हणजे भाग. त्यापासून लहानसा तुकडा या अर्थाचा शब्द झाला, तो फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि रेल्वे-टपालाबरोबर आपल्याकडे आला. इंग्रजीत जमिनीच्या तुकड्यालाही पार्सल म्हणतात, तिथे जुना अर्थ अजून शाबूत आहे. मराठीने त्याला दोन कामे दिली. एक, बांधून पाठवलेली वस्तू. दुसरे, हॉटेलातून घरी बांधून नेलेले खाणे. ‘इथे खाणार की पार्सल?’ हा प्रश्न कारंज्यापासून रिसोडपर्यंत कोणत्याही हॉटेलात ऐकू येतो. पहिल्या अर्थात वस्तू दूर जाते आणि दुसऱ्यात आपल्याबरोबर येते, तरी बोलणाऱ्याची गल्लत होत नाही.

हॉटेलाचेही तसेच. लॅटिनमध्ये पाहुण्याला आणि यजमानालाही एकच शब्द होता, ‘होस्पेस’. त्याच घराण्यातून हॉस्पिटल, होस्टेल आणि हॉटेल हे तिन्ही निघाले. वाशिमच्या बोलण्यात मात्र हॉटेल म्हणजे चहा, भजी, मिसळ. झोपायचे असेल तर लॉज, देवाच्या गावी भक्तनिवास, सरकारी माणसाला रेस्ट हाउस. बाहेरगावच्या हॉटेलात राहणारी माणसेसुद्धा फोनवर ‘हॉटेलात राहतो’ असे क्वचितच म्हणतात. ती म्हणतात, अमुक ठिकाणी उतरलो आहे. उतरणे हे आपले खरे क्रियापद. त्याच्या मुळाशी संस्कृतातला ‘तृ’ आहे, पार होणे, तरून जाणे. नदी जिथून पायी ओलांडता येते तो उतार. घोड्यावरून खाली येणे ते उतरणे, आणि जिथे खाली आलो तिथे राहिलो म्हणून राहणेही उतरणेच. रेल्वेच्या जुन्या मराठी पाट्यांवर प्रवाशाला ‘उतारू’ म्हणत. चढणाऱ्यालाही उतारूच म्हणायचे, कारण प्रवासाचा अर्थ तो कुठे जाऊन टेकतो यावर ठरे.

आता डिक्कीतल्या त्या कट्ट्यावरचा पत्ता वाचू. मु. पो. अमुक, ता. तमुक. मुक्काम हा अरबी ‘मकाम’, म्हणजे उभे राहण्याची जागा. ‘कायम’ हा शब्दही त्याच धातूचा. पोस्ट हा लॅटिनमधल्या ‘ठेवलेले’ या अर्थाच्या शब्दातून आला, कारण युरोपात निरोप नेणाऱ्यांसाठी ठरावीक अंतरावर घोडे ठेवलेले असत. म्हणजे ‘मु. पो.’ या दोन अक्षरांत एक थांबलेला माणूस आहे आणि एक थांबलेला घोडा आहे. आपला ‘टपाल’ हा शब्दही बहुधा टप्प्याशी जोडलेला असावा, या टप्प्यावरून त्या टप्प्यावर नेलेले ते टपाल. ही व्युत्पत्ती पक्की मानली जात नाही, पण मला ती पटते.

मात्र या सगळ्यांत सामान आधी पाठवण्याला स्वतंत्र शब्द कुठे आहे? मराठीत असा शब्द नाही आणि ही सगळी नव्या जमान्याची सोय आहे, असे एखाद्याला वाटेल. मला तसे वाटत नाही. आपल्याकडे तो एक नाही, निदान दोन होते. एक घरातला आणि एक दरबारातला.

घरातला शब्द प्रस्थान. आज प्रस्थान म्हटले की आषाढीच्या पालख्या आठवतात, आणि ‘बडे प्रस्थान’ म्हटले की एखादे वजनदार गृहस्थ. पण ‘प्रस्थान ठेवणे’ हा जुना वाक्प्रचार निराळाच आहे. प्रवासाला निघायचा मुहूर्त बुधवारी सकाळी निघाला आणि प्रत्यक्ष निघणे शुक्रवारी आहे, अशी अडचण आली की बुधवारी त्या घटकेला आपल्या सामानातली एखादी वस्तू, धोतर, उपरणे, तांदळाची पुरचुंडी, सुपारी, जायच्या दिशेला असलेल्या एखाद्या ओळखीच्या घरी नेऊन ठेवायची. शास्त्राच्या दृष्टीने माणूस निघाला. मग सोयीच्या दिवशी खरोखर निघताना वाटेत ती वस्तू उचलायची आणि पुढे जायचे. मोल्सवर्थच्या कोशात प्रस्थानाचा हा अर्थ नोंदलेला आहे. रामदैवज्ञाने १६०० साली काशीत लिहिलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’ या ग्रंथात यात्रेचे एक मोठे प्रकरण आहे, तिथे कोणी कोणती वस्तू पुढे पाठवावी याचाही विचार केलेला सापडतो. ब्राह्मणाने जानवे, क्षत्रियाने शस्त्र, वैश्याने मध, शूद्राने फळ. वर्णांची उतरंड इथेही सुटलेली नाही, हेही पाहून ठेवावे.

प्रस्थान हा ‘प्र’ आणि ‘स्था’ यांचा शब्द. पुढे होऊन उभे राहणे म्हणजे निघणे. त्याच धातूचे प्रयोजक रूप ‘प्रस्थापयति’, म्हणजे निघायला लावणे. प्राकृतात ते ‘पट्ठावइ’ झाले आणि मराठीत ‘पाठवणे’. म्हणजे आपण रोज उठून जे पाठवतो, पैसे, निरोप, फोटो, डबा, त्या प्रत्येक पाठवण्यात प्रस्थानाचा धातू आहे. लेकीची पाठवणीही त्याच घरची. वस्तू आधी निघते आणि माणूस नंतर, ही कल्पना मराठी माणसाला कोणा कंपनीने शिकवलेली नाही.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रस्थान ठेवायला ओळखीचे घर लागे. परक्याच्या ओसरीवर कोणी उपरणे ठेवत नसे. पत्रांवर पूर्वी ‘मार्फत’ लिहीत, हल्ली ‘द्वारा’ लिहितात, तेही याच जातीचे. मार्फत म्हणजे अरबी ‘मअरिफत’, ओळख, जाणणे. ज्याच्या मार्फत वस्तू यायची तो ओळखणारा असला पाहिजे, हे त्या शब्दातच लिहिलेले आहे. आज हॉटेलच्या काउंटरवर आपला कट्टा दोन दिवस पडून राहतो तो बुकिंगच्या जोरावर. म्हणून पाठवताना वर नुसते स्वतःचे नाव लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला येणार, कोणाच्या नावाने खोली आहे, हे लिहावे लागते, आणि आधी फोन करून ‘ठेवून घ्याल ना?’ असे विचारावे लागते. मार्फतीचे काम आता हा फोन करतो.

दुसरा शब्द दरबारी, आणि तो तर हुबेहूब आहे. पेशखाना. फारसीत ‘पेश’ म्हणजे पुढे. पेशवा म्हणजे पुढे असणारा, पेशगी म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, आणि पेशखाना म्हणजे पुढच्या मुक्कामावर आधी रवाना केलेले डेरे आणि सामानसुमान. फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य १६६४च्या अखेरीस औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर दिल्लीहून काश्मीरकडे निघाला होता. त्याने लिहून ठेवले आहे की बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एका संचात बादशहा मुक्काम करी तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहिलेला असे. अशा एका संचाला ६० हून अधिक हत्ती, २०० उंट, १०० खेचरे आणि १०० हमाल लागत. बादशहा पोचे तेव्हा तंबू उभे, पाणी भरलेले, अंथरूण घातलेले. मराठ्यांनी हा शब्द घेतला आणि ही रीतही घेतली. मोहिमेचा मुहूर्त साधून पेशवे पुणे सोडत आणि शहराबाहेर गारपिराजवळ डेरेदाखल होत, फौज जमली की पुढे कूच. म्हणजे गारपिरावरचे डेरे एकाच वेळी प्रस्थानही होते आणि पेशखानाही.

ज्याला उचलायला माणसे होती त्याचे सामान पुढे जाई. बाकीच्यांचे काय? त्यांच्यासाठी मराठीत बिऱ्हाड आहे. बिऱ्हाड म्हणजे राहण्याची जागा, आणि बिऱ्हाड म्हणजे संसाराचे सामानही. ‘बिऱ्हाड केले’ आणि ‘बिऱ्हाड हलवले’ या दोन वाक्यांत अर्थ बदलतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. जुन्या मराठीत, लीळाचरित्रात, ‘बिढार’ आहे. भालचंद्र नेमाड्यांनी १९७५ साली आपल्या कादंबरीला हेच नाव दिले, त्यामुळे शब्द पुन्हा वाचकांच्या कानावर आला. कन्नडमध्ये ‘बिडार’ म्हणजे मुक्कामाची जागा आणि ‘बिडु’ म्हणजे सोडणे, मोकळे करणे. बैल सोडले, ओझी उतरवली, तिथे बिडार. मराठी बिढाराचे नाते याच शब्दाशी आहे. जिथे सामान उतरते तेच घर, असा त्याचा मूळ भाव. सामान एकीकडे आणि माणूस दुसरीकडे ही वेळ साध्या माणसावर येतच नसे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर हे आपण सहज म्हणतो, पण बहुतेकांचे बिऱ्हाड पाठीवरच होते.

कोणाच्या पाठीवर, हा प्रश्न सुटत नाही. त्याचे एक उत्तर खुद्द वाशिममध्ये सापडले आहे. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वत्सगुल्माचे प्राकृतात वच्छोम झाले. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त वैदर्भी रीतीला वच्छोमी म्हटले आहे ते याच गावावरून. वच्छोमाचे पुढे बासिम झाले, इंग्रज तेच लिहीत, आणि मग वाशिम. १९०५ साली बासिम जिल्हा मोडला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम नावाने पुन्हा उभा राहिला. या वत्सगुल्माहून दुसऱ्या विंध्यशक्तीने, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात, एक ताम्रपट दिला. तो वाशिम ताम्रपट म्हणून प्रसिद्ध आहे. राजाची वंशावळ त्यात संस्कृतात आहे आणि कामाचा मजकूर, म्हणजे दान आणि सवलती, प्राकृतात. त्या सवलतींत एक अशी की दान दिलेल्या गावाला सर्व ‘विट्ठी’ माफ.

विट्ठी म्हणजे संस्कृतातली विष्टी, आणि मराठीतली वेठ. राजाचा अधिकारी गावात आला की त्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत फुकट वाहून द्यायचे, बैल द्यायचे, पडेल ते काम करायचे. ज्या गावाला ही वेठ माफ होती त्याच्यासाठी ताम्रपट कोरावा लागला, यावरून बाकीच्या गावांचे काय होत असेल ते उघड आहे. पुढे इंग्रज साहेबांच्या दौऱ्यातही तंबू, खुर्च्या, भांडी आदल्या रात्री पुढे जात आणि गाड्या-गडी गावातून धरून आणलेले असत. वेठबिगार हा जोडशब्द पाहा. अर्धा संस्कृतातून आलेला, अर्धा फारसी, आणि दोन्हींचा अर्थ एकच, बिनमोल राबवणे. राज्ये बदलली, भाषा बदलल्या, पण जुना शब्द पुसला गेला नाही. नवा त्याच्या शेजारी येऊन बसला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ने बिगारीला बंदी घातली तेव्हा इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हाच शब्द ठेवावा लागला. आज आपण वर्तमानपत्रात वाचतो की संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले. मला हा प्रयोग खटकतो. बस उशिरा सुटली म्हणून थांबावे लागणे वेगळे आणि डोक्यावर दुसऱ्याचा तंबू घेऊन चार कोस चालणे वेगळे. ज्या गावाच्या ताम्रपटात हा शब्द कोरलेला आहे तिथल्या लोकांनी तरी तो जपून वापरावा.

मोल घेऊन वाहणारेही होते, आणि त्यांची मोठी परंपरा याच जिल्ह्यात नांदते. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे काशीक्षेत्र, संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान. रामनवमीला तिथे देशभरातून लोक येतात. बंजारा हा शब्द वाणिज्याशी जोडतात, वाणिज्यकार म्हणजे व्यापार करणारा. लमाण हा शब्द लवणावरून, मीठ वाहणारे म्हणून. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हे तांडे देशभर फिरत, आणि फौजेचे धान्य फौजेबरोबर किंवा तिच्याही आधी पोचवणारे हेच लोक. १८०३ साली वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडच्या लढाया झाल्या तेव्हा आर्थर वेलस्लीची भिस्त त्यांच्यावरच होती. इंग्रजांच्या कागदांत ते ‘ब्रिंजारी’ आहेत. त्यांच्या या माल लादून केलेल्या प्रवासाला लदणी किंवा लदेणी म्हणतात, आणि लादलेल्या बैलाला बळद. हे बळद संस्कृत बलीवर्दातून आलेले, म्हणजे आपल्या बैलाचेच भाऊबंद.

तांडा या शब्दाचे मात्र नवल वाटते. तांडा म्हणजे चालणारी वस्ती. रेल्वे आली, लदणी संपली, तांडे थांबले, आणि आज वाशिम जिल्ह्यात कितीतरी वस्त्यांच्या नावापुढे तांडा आहे. चालण्याचा शब्द पत्त्यात जाऊन बसला. ‘मु. अमुक तांडा’ असे लिहिताना मुक्काम आणि तांडा हे एकेकाळचे विरुद्ध शब्द शेजारी येतात.

बैलाच्या दोन्ही अंगांना लोंबणारी ती गोण किंवा गोणी. हा शब्द पाणिनीच्या सूत्रात आहे, इतका जुना. आपण त्यावरून गोणपाट केले आणि इंग्रजांनी ‘गनी’. वाशिमच्या बाजार समितीत आता गोणीपेक्षा कट्टा जास्त ऐकू येतो, पोते मोठे आणि कट्टा लहान. डिक्कीतले आपले पार्सल म्हणजे असा एखादा कट्टाच असतो. तो उचलणारा हमाल अरबीतून आलेला, ‘हमल’ म्हणजे ओझे. आणि हल्लीचा कुरिअर लॅटिनमधल्या धावण्यातून.

या सगळ्या शब्दांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हुंडेकरी. हुंडेकरी म्हणजे माल एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप पोचवण्याचा ठेका घेणारा. वाटेतली जकात, नाकी, दस्तुरी सगळे तोच भरी. आपण एकदा ठरलेली रक्कम द्यायची आणि निश्चिंत व्हायचे. हुंडा म्हणजे एकठोक ठरवलेली रक्कम. पैसे पाठवायचे तर हुंडी, माल पाठवायचा तर हुंडेकरी. आज हे आडनाव महाराष्ट्रात सापडते, धंदा मात्र ट्रान्सपोर्ट या नावाने चालतो. ‘डोअर टू डोअर, सर्व खर्चासह’ अशी पाटी लावणारा जे करतो तेच हुंडेकरी करी, आणि त्यासाठी त्याला चार शब्द जुळवावे लागत नसत.

सामान आधी पाठवण्याची सर्वांत जिवंत रीत वाशिम जिल्ह्यात दरवर्षी ज्येष्ठात दिसते. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड या वाटेने जाते. वारीत रीत अशी की पहाटे मुक्काम हलला की वळकट्या, राहुट्या, भांडी गाडीत चढतात आणि गाडी पुढच्या मुक्कामी निघून जाते. वारकऱ्याच्या हातात टाळ, खांद्यावर पताका, फार तर एक पडशी. संध्याकाळी तो पोचतो तेव्हा राहुटी उभी असते. बादशहाच्या पेशखान्याची हीच रीत. फरक इतकाच की इथे वेठ नाही, सेवा आहे, आणि वळकटी ज्याची त्याने बांधलेली आहे.

जपानमध्ये या सोयीचा आता मोठा धंदा झाला आहे. यामातो या कंपनीने १९७६ साली घरपोच पार्सलची सेवा सुरू केली आणि १९८३पासून बर्फावर खेळायला जाणाऱ्यांच्या स्की आधीच पोचवायला सुरुवात केली. अशा मोकळ्या प्रवासाला जपानी लोक ‘तेबुरा’ म्हणतात, हात नुसते झुलवत जाणे. मराठीतही नेमका तोच शब्दप्रयोग आहे, हात हलवत जाणे. पण आपल्याकडे तो उणेपणाचा. पाहुणा हात हलवत आला म्हणजे लेकरांसाठी काही न घेता आला. त्यामुळे वाशिमच्या घरातून सुटीला निघताना कट्टा कितीही आधी पुढे गेला असला, तरी हातात एक पिशवी राहतेच.

कोशात प्रस्थान, पेशखाना, हुंडेकरी सुरक्षित आहेत. लदणीचे शब्द तसे नाहीत. गोणी बैलावर कशी बांधत, दोन बाजूंचे ओझे कसे तोलत, रात्री उतरवलेल्या मालाची भिंत कशी रचत, यातल्या प्रत्येक क्रियेला बंजाऱ्यांच्या गोरबोलीत शब्द आहेत आणि त्यातले थोडेच कागदावर आले आहेत. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, वस्तू तिथे राहतील. शब्द राहण्यासाठी कोणीतरी विचारायला हवे. मानोरा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतल्या वाचकांना माझी विनंती आहे. तांड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या आजोबांपाशी किंवा याडीपाशी, म्हणजे आईपाशी, बसा, ओझ्याचे, बैलाचे, मुक्कामाचे शब्द विचारा, आणि प्रत्येक शब्दापुढे तांड्याचे नाव आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा.